पहिली झूम लेन्स : ५५-२५० की ७५-३००? (बजेट आखडतं आहे)

सुगरण नव्हे | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचत होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

माझ्याकडे कॅननचा एपीएस-सी (लहान सेन्सरवाला) डीएसएलआर आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स. वर्षभर त्यावर हात बसवला, पण आता त्या ५५ ला डोकं आपटून जीव मेटाकुटीला आलाय. खिडकीसमोरच्या झाडावर पक्षी येतात, फोटोत त्यांचा ठिपका होतो. लेक शाळेच्या संघातून फुटबॉल खेळते, त्यातली ती कुठली हे बाण काढून दाखवावं लागतं. चंद्राबद्दल तर बोलायलाच नको.

लांबचं जवळ आणणारी एक लेन्स घ्यायची आहे. एकच. ते पांढरे दोन-दोन किलोचे तोफखाने कृपया सुचवू नयेत. शोधाशोध करून दोन नावांवर येऊन थांबलेय. एक कॅनन ७५-३०० (तिसरी आवृत्ती), नवीकोरी. दुसरी कॅनन ५५-२५० आयएस एसटीएम, वापरलेली, जवळपास तेवढ्याच पैशात.

एक नवी, शिवाय ३०० पर्यंत जाते. दुसरी जुनी आणि २५० लाच थांबते. मग जो तो २५० घ्या म्हणून का सांगतो? वरचे ५० मिमी फुकट सोडायचे का? जरा समजेल अशा भाषेत सांगा, एफ-नंबर मला आत्ताआत्ता कळायला लागलेत.

तिरपागडा | रात्री ९:५२

कुठलीच घेऊ नका. एक घेतली की दुसरी आपोआप येते. आमच्या कपाटात त्यांना पिल्लं होतात असा घरच्यांचा संशय आहे.

खंड्या | रात्री १०:१५

सुगरणताई, स्वागत. (आयडीतली सुगरण पक्षी की स्वयंपाकवाली?)

माझी सुरुवात अशाच एका आयएस (हाताचा थरकाप भरून काढणारी लेन्समधली सोय) नसलेल्या ७०-३०० ने झाली. कंपनीचं नाव राहू द्या. पहिला महिनाभर रोज घरी येऊन फोटो संगणकावर मोठे करून बघायचो आणि रोज खात्री पटायची की लेन्स सदोष निघाली. शेवटी एका संध्याकाळी कॅमेरा उशीवर ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेलं विजेचं मीटर टिपलं. आकडे लख्ख! मीटरखालच्या पट्टीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. लेन्स ठीकच होती, हलत होतो मी.

५५ ला हाताचा थरकाप कळत नाही. ३०० ला नुसता श्वास घेतला तरी चौकट वरखाली होते. त्यामुळे माझं मत डोळे मिटून आयएसवालीला, म्हणजे ५५-२५० ला.

आडवाटे | रात्री १०:४०

नेहमीप्रमाणे मी विरुद्ध बाजूने.

आयएस तुमचा हात स्थिर करतं, पक्षी नाही. चिमणी मान झटकायची थांबत नाही आणि ताईंची लेक धावायची थांबणार नाही. दोघींसाठी शटर १/१००० सेकंदाच्या आसपास न्यावंच लागेल, आणि त्या वेगाला हाताचा थरकापही आपोआप गोठतो. मग आयएस हवंच कशाला? वर ७५-३०० चा माउंट (कॅमेऱ्यात अडकणारी कडी) धातूचा आहे, ५५-२५० एसटीएमचा प्लास्टिकचा. नवी लेन्स, वॉरंटी, ३०० मिमी. घ्या आणि मोकळ्या व्हा.

भिंगरी | रात्री ११:३०

आडवाटे, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं आहे :)

उन्हात १/१००० मिळतं, मान्य. पण पक्षी उन्हात कमी आणि पानाआड सावलीत जास्त बसतात, आणि येतात सकाळी लवकर. या दोन्ही लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ च्या वर उघडत नाहीत (एफचा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त). सावलीत एफ/५.६ ला १/१००० हवं असेल तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे जावं लागतं आणि पिसांवर रवा सांडल्यासारखा दाणा दिसतो. फांदीवर शांत बसलेल्या पक्ष्याला १/२०० पुरतं. तो एका जागी थांबतो तेवढ्या दोन क्षणांत कळ दाबायची. पण १/२०० ला २५० मिमी हातात धरायची तर आयएस लागतंच.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डीएसएलआरमध्ये लेन्समधलं आयएस सुरू झालं की व्ह्यूफाइंडरमधलं चित्रही स्थिर होतं. कळ अर्धी दाबा आणि बघा, डचमळणारं चित्र एकदम तरंगल्यासारखं शांत होतं. म्हणजे फोकसचा बिंदू पक्ष्याच्या डोळ्यावर धरून ठेवता येतो. आयएस नसेल तर तो बिंदू डोळा, पंख, मागची फांदी असा हिंडत राहतो. शटर कितीही वेगवान ठेवलं तरी चुकीच्या जागी बसलेला फोकस त्याने सुधारत नाही.

तिसरं, मोटर. ७५-३०० च्या त्या आवृत्तीत साधी जुनी मोटर आहे. घरघर करते आणि फोकस शोधायला वेळ घेते. ५५-२५० मधली एसटीएम, म्हणजे स्टेपर मोटर, बरीच चपळ आणि जवळपास मुकी. फोकस होताना ७५-३०० चं पुढचं भिंगही गोल फिरतं, त्यामुळे पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला तर दरवेळी नव्याने जुळवत बसा. आणि ३०० ला पूर्ण उघडी ठेवली की चित्र मऊ येतं. धार हवी तर एफ/८ ला जावं लागतं, म्हणजे आणखी एक स्टॉप, निम्मा प्रकाश गेला. तुम्ही ज्या ५० मिमीसाठी हळहळताय ते असे वसूल होतात.

माउंट प्लास्टिकचा आहे हे खरं. पण लेन्स ३७५ ग्रॅमची. त्या वजनाला प्लास्टिक पुरतं. ७५-३०० चं वजन ४८० ग्रॅम.

मोजपट्टी | रविवार, सकाळी ७:०५

५० मिमीच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देतो.

समजा पक्षी १५ सेंटीमीटरचा आहे आणि १० मीटरवर बसलाय. ३०० मिमीला सेन्सरवर त्याची प्रतिमा साधारण ४.५ मिमी पडते. २५० ला ३.७५ मिमी. तुमच्या सेन्सरची रुंदी २२.३ मिमी. म्हणजे एकात पक्षी चौकटीचा पाचवा हिस्सा व्यापतो, दुसऱ्यात सहावा. फरक एवढाच.

आता २५० लावून पक्ष्याकडे पावणेदोन मीटर सरका. प्रतिमा तेवढीच झाली. ५ मीटरवर पोचलात तर ७.५ मिमी, म्हणजे १० मीटरवरून ५०० मिमीच्या लेन्सने मिळाली असती तेवढी.

चंद्राकडे सरकता येत नाही, त्यामुळे तिथे फरक राहतो. चंद्राची प्रतिमा फोकल लांबीच्या (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याच्या) साधारण ११० व्या भागाएवढी. ३०० ला २.७ मिमी, २५० ला २.३. सेन्सर २४ मेगापिक्सेलचा असेल तर व्यास अनुक्रमे ७३० आणि ६१० पिक्सेल. दोन्हींत विवरं दिसतात.

तिरपागडा | सकाळी ८:२०

फोटो काढायला आलो होतो, गणिताच्या तासाला बाकावर उभा राहिलो. मोजपट्टी सर, पक्षी पावणेदोन मीटर सरकू देईल का याचं सूत्र आहे का?

मोजपट्टी | सकाळी ८:२४

नाही. तो चल आहे.

खंड्या | सकाळी ८:५०

तिरपागड्याचा प्रश्न थट्टेतला असला तरी मुद्द्याचा आहे. पक्षी सरळ रेषेत चालत येणाऱ्याला घाबरतात. एका जागी मुकाट बसलेल्याला विसरतात. तुम्ही खिडकीपाशी बसणार, म्हणजे अर्धं काम झालं. पडदा ओढून फटीतून लेन्स बाहेर काढा आणि अर्धा तास हलू नका. अंतर पक्षीच कमी करतो. त्यासाठी पैसे पडत नाहीत, पाय मात्र आखडतात.

खिडकीची काच मात्र सरकवा. काचेतून, विशेषतः तिरकं टिपलं, की चित्रावर साय धरल्यासारखं होतं.

वळचण | सकाळी ९:३०

धागा थोडा पळवतो, माफी. माझ्याकडे निकॉन डी३१०० आहे. तोच प्रश्न, तेवढंच बजेट. एएफ-पी ७०-३०० घेऊ का?

भिंगरी | सकाळी ९:५८

वळचण, थांबा! ती लेन्स चांगली आहे पण तुमच्या बॉडीसाठी नाही. एएफ-पी म्हणजे २०१६ नंतरची स्टेपर मोटरवाली. डी३१००, डी५१००, डी९० यांसारख्या जुन्या बॉडींना तिची भाषा कळत नाही. ऑटोफोकस नाहीच, आणि तिची फोकसची रिंगही विजेवर चालते, त्यामुळे हातानेही जमत नाही. तुमच्यासाठी एएफ-एस मालिकेतली ५५-२०० व्हीआर किंवा ५५-३०० व्हीआर (व्हीआर म्हणजे निकॉनचं आयएस).

तसंच उलट टोकाला जाऊन खूप जुनी एएफ-डी स्वस्तात दिसली म्हणून उचलू नका. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींत फोकसची मोटर नसते आणि त्या लेन्समध्येही नसते. मग दोघांनी मिळून फोकस करायचा कोणी?

ज्यांच्या बॉडीला एएफ-पी चालते त्यांच्यासाठी : डीएक्स (लहान सेन्सरसाठीच्या) ७०-३०० दोन आहेत, एक व्हीआरवाली आणि एक त्याशिवाय. दिसायला जुळ्या बहिणी. नावातली ती दोन अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

वळचण | सकाळी १०:०३

वाचवलंत. बोट 'खरेदी करा' वर होतं.

काका कॅमेरेवाले | दुपारी १२:१०

मी रीळवाल्या काळातला, तेव्हा थोडं लांबण लागेल.

आमच्या वेळी आयएस नावाची चीज नव्हती. एसएलआरसाठी स्थिरीकरण असलेली पहिली लेन्स कॅननने १९९५ मध्ये आणली, आणि गंमत बघा, ती ७५-३०० च होती! आयएस यूएसएम. तेव्हा ती लेन्स म्हणजे नवल होतं. आज बिनआयएसची ७५-३०० दुकानात आहे आणि किटच्या पंगतीतल्या ५५-२५० मध्ये आयएस आहे. तेव्हा सुगरणताई, आकडा ७५-३०० दिसला म्हणून ती 'तीच' असं समजू नका. त्या आकड्याच्या बऱ्याच लेन्स येऊन गेल्यात.

आम्ही मग काय करत होतो? कोपर बरगडीला टेकवायचं. डावा हात लेन्सखाली तळव्यासारखा धरायचा, वरून चिमटीत नाही. भिंतीला, खांबाला, दाराच्या चौकटीला खांदा लावायचा. श्वास सोडून संपला की पुढचा घ्यायच्या आधी कळ दाबायची, दाबायची म्हणजे हलकेच पिळायची. शटर निदान फोकल लांबीच्या उलट. तुमच्या सेन्सरला वर १.६ ने गुणायचं, म्हणजे २५० ला १/४००. आयएस असेल तर याहून खाली उतरता येतं. कंपनी साडेतीन स्टॉपचं सांगते, तीन धरा, म्हणजे १/५० पर्यंत. अर्थात बसलेल्या वस्तूला.

खिडकीत तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. एवढा स्वस्त स्टँड दुसरा नाही.

तिरपागडा | दुपारी १२:१८

आयडी 'सुगरण नव्हे' आणि सल्ला तांदळाचा. काकांनी नेम धरून मारलंय.

आडवाटे | दुपारी १:०५

बरं, आयएसवर मी माघार घेतो. व्ह्यूफाइंडर स्थिर होण्याचा मुद्दा मला सुचला नव्हता. पण मग अर्धवट कशाला थांबायचं? पक्ष्यांसाठी २५० कमीच पडणार आणि सहा महिन्यांनी ताई इथेच '१५०-६०० कुठली घेऊ' असा धागा काढणार. थोडं थांबून, पैसे साठवून सिग्माची किंवा टॅमरॉनची १५०-६०० एकदाच घ्यावी.

भिंगरी | दुपारी १:३०

नाकापेक्षा मोती जड. सिग्माची हलकी समजली जाणारी कंटेम्पररी १५०-६०० सुद्धा १९३० ग्रॅमची आहे. ताईंचा कॅमेरा तिच्यावर टांगल्यासारखा दिसेल. आणि लेकीचा सामना १५० पासून सुरू होणाऱ्या लेन्सने टिपायचा? ती चेंडू घेऊन जवळ आली की चौकटीत फक्त बुटाची नाडी.

निवांत | दुपारी २:२०

एक शंका. बाकी जग मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) चाललंय. अशा वेळी डीएसएलआरच्या लेन्समध्ये पैसे घालणं शहाणपणाचं आहे का?

भिंगरी | दुपारी २:४१

वापरलेली घेतली तर नक्कीच. लोक मिररलेसकडे जाताना याच लेन्स विकून जातात, म्हणून तर त्या हाताशी येतात. उद्या ताईंनी कॅननची आर मालिकेतली बॉडी घेतली तरी कंपनीच्या अडॅप्टरवर ५५-२५० ऑटोफोकस आणि आयएससकट चालते.

हळद्या | दुपारी ३:१५

आणि ५५-२५० चा बोके कसा येतो? मला बोके महत्त्वाचा.

तिरपागडा | दुपारी ३:१६

दूध उघडं ठेवून बघा. दोन-तीन येतात.

हळद्या | दुपारी ३:२०

🙄

भिंगरी | दुपारी ३:४५

तिरपागड्या, अरे! हळद्या, मागची पार्श्वभूमी किती विरघळते हे विचारताय ना? एफ/५.६ असलं तरी २५० मिमी आहे, त्यामुळे पक्षी जवळ आणि झाडी लांब असेल तर झकास विरघळते. पक्षी झाडीतच घुसलेला असेल तर मागच्या काड्या दुहेरी, वळवळत्या दिसतात. तो दोष लेन्सचा कमी, जागेचा जास्त. एक पाऊल डावीकडे सरकून बघायचं. ही लेन्स ८५ सेंटीमीटरवरूनही फोकस करते, त्यामुळे फुलपाखरं आणि चतुरही मजेत येतात. ७५-३०० ला दीड मीटर लागतं.

जुनापुराणा | रात्री ८:३०

मी आयुष्यात नवी लेन्स घेतलेली नाही, तेव्हा वापरलेलीबद्दल बोलायचा हक्क माझा.

आधी नाव नीट वाचा. ५५-२५० च्या तीन पिढ्या आहेत. २००७ ची आयएस, २०११ ची आयएस २ आणि २०१३ ची एसटीएम. पहिल्या दोघींची मोटर जुन्या पद्धतीची. विकणारे सर्रास नुसतं '५५-२५० आयएस' लिहितात. लेन्सवर एसटीएम ही अक्षरं असलेला फोटो मागवा.

भेटायला जाताना स्वतःचा कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी आणि बारीक झोताची टॉर्च न्या. दोन्ही झाकणं काढायची, एका टोकाने टॉर्च तिरकी मारायची आणि दुसऱ्या टोकाने आत बघायचं. धुळीचे दोन-चार कण दिसतील. त्यांना घाबरू नका, फोटोत येत नाहीत. बघायचं ते कोळ्याच्या जाळ्यासारखं काही, कडेकडेने पसरलेले तंतू. ती बुरशी. दिसली की नमस्कार करून निघायचं, किंमत कितीही पाडली तरी. भिंगावर सगळीकडे सारखा धुरकट थर दिसला तरीही तेच.

हे अनुभवाचे बोल आहेत. माझी दुसरी लेन्स मी संध्याकाळी, दिव्याखाली, विकणाऱ्याच्या घरी गप्पा मारत घेतली. माणूस इतका सज्जन की टॉर्च काढायची लाज वाटली. घरी आल्यावर उन्हात धरली तर आत कडेला बोराएवढी रांगोळी. त्या गृहस्थांनाही कदाचित माहीत नसावं. साफ करून घ्यायला गेलो तर जेवढ्याला घेतली जवळपास तेवढेच सांगितले.

मग बॉडीला लावून बघा. ५५ ला आणि २५० ला, दोन्हीकडे जवळचं-लांबचं चारचारदा फोकस करा. झूमची रिंग फिरवताना कुठे अडकते का, खरखरते का. आयएस सुरू केल्यावर अगदी बारीक सूं ऐकू येते, ती ठीक. चित्र उडी मारत असेल तर ठीक नाही. शेवटी वर्तमानपत्राचं पान भिंतीला समोरासमोर लावून एक फोटो, चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघायची. एकच कोपरा पुसट आला तर ती कधीतरी पडली आहे.

सुगरण नव्हे | बुधवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार! (आणि खंड्याभाऊ, पक्षीवाली.)

एका मैत्रिणीकडे ५५-२५० एसटीएम निघाली, तिने दोन दिवसांसाठी दिली. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र शांत होतं हे वाचून खरं वाटलं नव्हतं. कळ अर्धी दाबली आणि अक्षरशः 'अय्या' निघालं तोंडातून.

पण. सुमारे दोनशे फोटो काढले, त्यातले ठेवण्यासारखे नऊ. एका फोटोत फांदीवरची मुंगी स्वच्छ, तिचे पायसुद्धा मोजता येतात. तिच्या मागे बसलेला बुलबुल धुक्यात. असे चाळीसेक. शिवाय दुपारी समोरच्या गच्चीवरची घार काढली, ती हलली नव्हती, मीही नव्हते, तरी ती पाण्याखाली असल्यासारखी दिसते. चंद्र पुन्हा पांढरी थाळी. मग लेन्स वाईट की मी?

खंड्या | रात्री १०:३५

दोनशेत नऊ? पहिल्या दोन दिवसांत? मला हेवा वाटतोय.

मुंगीचं कारण सोपं आहे. कॅमेरा सगळे फोकस बिंदू वापरायला मोकळा सोडलाय, आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळचं पकडतो. मधला एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. पानांच्या फटीतून टिपताना तर दुसरा इलाजच नाही.

मोजपट्टी | रात्री १०:५०

घार : तापलेल्या गच्चीवरून गरम हवा वर चढते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकतो. अंतर जितकं जास्त तितकं थरथरणं जास्त. याला कुठलीही लेन्स उत्तर नाही, महागडी तर ते थरथरणं आणखी स्पष्ट दाखवते. तीच घार सकाळी सातला काढा.

चंद्र : कॅमेरा चौकटीतलं काळं आकाश बघून फोटो उजळ करतो. चंद्र म्हणजे उन्हातला दगड. मॅन्युअल मोडवर आयएसओ १००, एफ/८, १/२०० पासून सुरू करा. हे पौर्णिमेच्या आसपास. कोर असेल तर शटर कमी वेगावर न्या. पण विवरांच्या सावल्या अष्टमीच्या सुमारास छान पडतात, पौर्णिमेला चंद्र सपाट दिसतो.

काका कॅमेरेवाले | रात्री ११:०५

आणि तिपाईवर लावलीत तर आयएस बंद करा.

सुगरण नव्हे | शुक्रवार, रात्री ९:१५

मधल्या बिंदूने काम केलं! बुलबुल आला, डोळ्यातल्या चमकेसकट.

शेवटचा प्रश्न. लेकीचे मैदानावरचे सामने जमतील असं वाटतंय, पण पावसाळ्यात ते बंद हॉलमध्ये खेळतात. तिथे ही लेन्स चालेल?

भिंगरी | रात्री ९:४०

प्रामाणिकपणे सांगू? नाही. किंवा चालेल, पण तुम्ही वैतागाल. हॉलमधले दिवे डोळ्यांना लख्ख वाटतात, एफ/५.६ ला नाही. शटर १/५०० वर नेलं की आयएसओ छताला टेकेल, आणि धावत्या मुलीपुढे आयएसचा उपयोग शून्य. आडवाटे पहिल्या दिवशी म्हणाले ते इथे शंभर टक्के लागू. हॉलसाठी पुढेमागे ८५ एफ/१.८ बघा. झूम नाही, पण एफ/५.६ च्या जवळपास दहापट प्रकाश घेते. तोवर हॉलमध्ये कॅमेरा पिशवीत ठेवून सामना बघा, तेही छान असतं.

मैदानावर मात्र सर्वो फोकस (हलत्या माणसाचा सतत पाठलाग करणारा), सलग शॉट्स, आणि गोलपोस्टच्या मागे बाजूला उभं राहायचं. खेळ तुमच्या दिशेने येतो, चेहरे मिळतात. मध्यरेषेवर उभं राहिलात तर पाठीच मिळतील.

आडवाटे | रात्री ९:४४

नोंद घ्या, भिंगरीबाईंनी मला शंभर टक्के दिले.

तिरपागडा | रात्री ९:४५

आणि ताईंना दुसरी लेन्स सुचवली गेली. पाचव्या-सहाव्या दिवशीच. पिल्लं, मी म्हटलं होतं.

सुगरण नव्हे | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०

घेतली! ५५-२५० एसटीएम, वापरलेली. टॉर्च नेली होती. विकणाऱ्या काकूंनी चहा पुढे केला तेव्हा जुनापुराणांची आठवण झाली आणि चहा गार करून आधी भिंग बघितलं. आत धुळीचे तीन कण, बाकी स्वच्छ. वर्तमानपत्राचे चारही कोपरे वाचता आले. पुढचं हूडही सोबत दिलं त्यांनी.

आज सकाळी सामना होता. तीनशे बारा फोटो. पहिल्या शंभरात कोण कुठल्या संघाची आहे तेही कळत नाही, मी मध्यरेषेवर उभी होते. मग गोलपोस्टमागे गेले. एकात लेक चेंडू मारतानाच्या क्षणाला आलीय, जीभ बाहेर, एक बूट हवेत. ती म्हणते हा कोणाला दाखवायचा नाही, त्यामुळे इथेही टाकत नाहीये. त्याऐवजी खिडकीत ठेवलेल्या नव्या पाहुणीचा फोटो टाकते.

काका कॅमेरेवाले | संध्याकाळी ६:५२

अभिनंदन! हूड उलटं बसवलंय.

सुगरण नव्हे | संध्याकाळी ६:५५

ते तसं नसतं??

काका कॅमेरेवाले | संध्याकाळी ७:०१

पिशवीत ठेवताना तसं. फोटो काढताना तोंड बाहेर. सामना उलट्या हूडने काढलात का?

सुगरण नव्हे | संध्याकाळी ७:०२

सांगत नाही.